आईच्या पासबुकातले १,०६२ रुपये

(शिवडीच्या एका बुद्धविहारात युवकांच्या अभ्यासवर्गापुढे केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. नियमांच्या तारखा आणि आकडे तेवढे मागाहून तपासून घातलेत.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता पुढच्या खेपेला. आज मी पासबुक वाचणार आहे. हे बघा. कोपरे दुमडलेत, मधल्या पानावर हळदीचा डाग आहे. माझ्या आईचं पासबुक. यात सहा ओळी आहेत. त्या सहा ओळींवरच मी बोलणार आहे.

आत्ता दारात एक मित्र म्हणाला, "गोदीतला हमाल, त्यात कवी, आणि बँकेवर काय बोलणार?" बाबा रे, हमालच बोलणार. गोदीत मी कडधान्याच्या गोण्या उतरवल्यात. एक गोण फाटली, दोन किलो डाळ धक्क्यावर सांडली, तरी टॅली क्लार्क लिहून घेतो. कुणाच्या टोळीत फाटली, कोणत्या पाळीला फाटली, सगळं कागदावर. मालकाच्या दोन किलो डाळीचा हिशेब ठेवणाऱ्या या शहरात माझ्या आईचे पैसे सांडले. त्यांची टॅली कुणी केली नाही. शेवटी मीच करायला बसलो.

तर ऐका.

माझी आई परळच्या एका काचेच्या बिल्डिंगीत लादी पुसायची. २०१८ साली ठेकेदारानं सगळ्या बायांना रांगेत उभं केलं, फॉर्मवर सह्या-अंगठे घेतले आणि बँकेत खाती काढून दिली. "झिरो बॅलन्सचं खातं आहे मावशी, काय ठेवायला लागत नाही." पाच वर्षं पगार त्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ठेका गेला. ठेक्याबरोबर बाया गेल्या. खात्यात उरले ४१२ रुपये. आई म्हणाली, राहू दे, अडीनडीला होतील.

मग ऑगस्ट २०२४. लाडकी बहीण योजनेचे जुलै-ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये बायांच्या खात्यात पडायला लागले. गल्लीत मोबाईल वाजत होते. आईचा वाजला नाही. तिचं आधार याच जुन्या खात्याला जोडलेलं, म्हणून पैसे याच खात्यात येणार हे नक्की होतं. तीन दिवस वाट बघून ती बँकेत गेली, रांगेत उभी राहिली, पासबुक छापून आणलं.

खात्यात होते २,३५०.

चारशे बारा आणि तीन हजार, झाले तीन हजार चारशे बारा. माझी आई शाळेत गेली नाही, पण एवढी बेरीज तिला येते. ती दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मी रात्रपाळीहून आलो तर चहा पुढं ठेवत म्हणाली, "आरं, माझ्या हातनं बँकेत काय चुकलं का रं?"

मित्रांनो, या वाक्यानं मला जाळलं. पैसे तिचे गेले, आणि चूकही ती स्वतःचीच शोधत बसली होती. धाकटीच्या अकरावीची पुस्तकं त्या पैशात घ्यायची ठरली होती. धाकटीला ती सांगू शकत नव्हती, मला सांगायला तिला दोन दिवस लागले. हजार वर्षं आपल्याला शिकवलंय ना, तुझ्यावर काही आलं तर तुझंच काहीतरी चुकलं असेल. मागच्या जन्मी नाहीतर या जन्मी. बँकेच्या कॉम्प्युटरला मनुस्मृती वाचावी लागत नाही. आपल्या डोक्यात ती आधीच भरून ठेवलेली आहे.

आणि माझी लाज ऐका. मी भांडवलशाहीवर पंधरा कविता लिहिल्यात. आईचं पासबुक मी एकदाही उघडलं नव्हतं.

त्या सकाळी उघडलं. सहा ओळी. फेब्रुवारी ते जुलै, महिन्याला एक. प्रत्येक ओळीत इंग्रजी अक्षरांचा तुकडा आणि पुढं आकडा, १७७. दीडशे रुपये दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७. झाले १७७. दंड कशाचा? खात्यात कमीत कमी शिल्लक ठेवली नाही, त्याचा. पगार येणं थांबलं आणि काही महिन्यांनी बँकेनं झिरो बॅलन्सचं खातं गुपचूप साधं खातं करून टाकलं. आता महिन्याची सरासरी दोन हजार शिल्लक पाहिजे. नोकरी गेलेल्या बाईनं दोन हजार बाजूला ठेवायचे. नाही ठेवले तर दंड.

४१२ मधनं १७७ गेले, राहिले २३५. परत १७७, राहिले ५८. एप्रिलमध्ये अठ्ठावन्नमधनं १७७ काढले. कसे काढले? उणे ११९. मे, उणे २९६. जून, उणे ४७३. जुलै, उणे ६५०. सहा महिन्यांत १,०६२ रुपये. आणि सरकारचे तीन हजार पडले तसे बँकेनं आपले ६५० आधी गिळले.

ओव्हरड्राफ्ट हा शब्द ऐकलाय ना? खात्यात नसलेले पैसे बँकेकडून उचलायची सोय. व्यापाऱ्याला ती सोय असते. जनधन खात्यावरही दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय कागदावर आहे. मागायला गेलो की हजार अटी. पण आमची आई न मागता बँकेची ६५० रुपयांची कर्जदार झाली. एक दमडी उचलली नाही आणि कर्ज डोक्यावर. गावाकडं आज्याच्या नावावर सावकाराच्या वहीत असंच लिहिलं जायचं. आज्याला वही वाचता येत नव्हती. मला येते. मी मॅट्रिक आहे. म्हणून मी वाचायला बसलो.

काय सापडलं ते सांगतो. लिहून घ्या, वही आणली नसेल तर हातावर लिहा.

रिझर्व्ह बँकेनं २० नोव्हेंबर २०१४ ला एक परिपत्रक काढलं. १ एप्रिल २०१५ पासून ते लागू झालं. त्यात चार गोष्टी आहेत. एक, शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी ग्राहकाला कळवायचं, मेसेजनं, ईमेलनं किंवा पत्रानं, आणि शिल्लक भरायला निदान एक महिना द्यायचा. त्याच्या आत दंड नाही. दोन, दंड किती कमी पडले त्या प्रमाणात पाहिजे. ज्याचे शंभर कमी त्यालाही दीडशे आणि ज्याचे दोन हजार कमी त्यालाही दीडशे, हे चालत नाही. तीन, दंड वाजवी पाहिजे, बँकेला सेवा द्यायला येणाऱ्या खर्चाला सोडून नको. आणि चार, नुसत्या या दंडापायी बचत खातं उणे होता कामा नये. म्हणजे खातं शून्यावर आलं की बँकेचा हात थांबला पाहिजे.

काही बँका हुशार. खातं उणे दाखवत नाहीत, दंड बाजूला लिहून ठेवतात, त्याला लिएन म्हणतात. पैसे आले की त्यातनं ओढून घेतात. नाव वेगळं, हात तोच.

मी हे सगळं मोबाईलवर वाचलं, अर्धं समजलं, अर्धं डिक्शनरी घेऊन समजून घेतलं. आणि गेलो बँकेत. आईला बरोबर घेऊन.

काउंटरवरचा पोरगा माझ्याच वयाचा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो. म्हणाला, "सिस्टीमनं कापलेत, आमच्या हातात नाही." मी म्हटलं, सिस्टीमला बोलवा. तो हसला नाही. मॅनेजर मॅडम आल्या. आईला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बॅलन्स मेंटेन करायला पाहिजे होता ना." आई लगेच मान हलवायला लागली, हो हो बाई. मी आईचा हात धरला. म्हटलं, मॅडम, २०१४ च्या परिपत्रकात खातं उणे करू नका असं लिहिलंय, ते तुम्ही का मेंटेन केलं नाही? मॅडम आत गेल्या. तेवढ्यात तो पोरगा हळूच म्हणाला, "तोंडी बोलू नका दादा. लिहून द्या आणि शिक्का घ्या." तोही कंत्राटावरच असणार. त्याचं नाव मी कुणाला सांगणार नाही.

बाहेर पायरीवर बसून मी अर्ज लिहिला. मराठीत. ग्राहकांसाठीचे छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याच्या भाषेत ठेवावेत असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलंय, तेव्हा मराठीत लिहायला लाजायचं कारण नाही. खाते क्रमांक, कापल्याच्या सहा तारखा, सहा रकमा, एकूण बेरीज. खाली तीन प्रश्न. खात्याचा प्रकार बदलला हे कधी, कसं कळवलं? दंडाआधी महिन्याची नोटीस दिली त्याचा पुरावा काय? खातं उणे कोणत्या नियमानं केलं? आणि शेवटी, कापलेले १,०६२ रुपये परत करा. एवढंच. एक विशेषण नाही त्यात. मी कवी माणूस, मला फार जड गेलं. पण अर्जात शिव्या घातल्या की ते शिव्यांनाच उत्तर देतात. आकडे घातले की आकड्यांना द्यावं लागतं.

दोन प्रती. एक त्यांना, एकीवर शिक्का, तारीख, सही. शिक्का द्यायला अर्धा तास लावला. आम्ही उभे राहिलो. आई तोपर्यंत बसली नव्हती, तेव्हा पहिल्यांदा समोरच्या खुर्चीत बसली.

नऊ दिवसांनी ६५० रुपये जमा झाले. पत्र इंग्रजीत. त्यात लिहिलेलं, ही रक्कम सद्भावना म्हणून परत करत आहोत.

सद्भावना! च्यायला, माझ्या आईच्या खिशातनं काढलेले पैसे परत देताना हे दानशूर होतात. घरातले म्हणाले, मिळाले ना, सोड आता. आईही म्हणाली, "राहू दे रं, चारशेसाठी कुठं डोकं फोडतोस." चारशेसाठी नाही आये. सद्भावना हा शब्द खोडायचा होता मला. हक्काला भीक म्हणू देणार नाही.

उरलेल्या ४१२ बद्दल बँकेचं म्हणणं असं, की खातं शून्यावर येईपर्यंतचा दंड बरोबर आहे, कारण मेसेज पाठवला होता. मी विचारलं, कुठल्या नंबरवर? दोन खेपा घातल्यावर नंबर दाखवला. तो नंबर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा! २०१८ ला फॉर्म भरताना त्यानं सगळ्या बायांच्या फॉर्मवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. पाच वर्षं आईच्या पगाराचे मेसेज त्या माणसाच्या खिशात वाजत होते. बँकेनं कळवलं ते त्याला. दंड भरला तो आईनं.

तक्रारीला तीस दिवस झाले. मग दुसरं दार. रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. १२ नोव्हेंबर २०२१ ला सगळ्यासाठी एकच लोकपाल योजना सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर लोकपालाकडे जायचं. फी नाही. वकील लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर भरता येते, नाहीतर कागदावर लिहून चंदिगडला पोस्टानं पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा फोन नंबर आहे. पण थेट लोकपालाकडे गेलात तर परत पाठवतात. म्हणून तो शिक्क्याचा कागद जिवापाड जपा. त्याच्याशिवाय दुसरं दार उघडत नाही.

मी शिक्क्याची प्रत, बँकेचं पत्र, पासबुकाची पानं जोडली. दोन महिने गेले. लोकपालाचा निकाल लागायच्या आधीच डिसेंबरात बँकेनं ४१२ रुपये गुपचूप जमा केले. या वेळी सद्भावना हा शब्द नव्हता. नुसता आकडा. ६५० आणि ४१२, झाले १,०६२. टॅली जुळली.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, हे काय, एका बाईचे हजार रुपये. क्रांती सोडून हा बँकेत अर्ज करत फिरतो.

तर हे एका बाईचे नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत सरकारनं सांगितलं, सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका मिळून २०१८ पासून ३५ हजार कोटींहून जास्त रुपये ग्राहकांकडून घेतलेत. किमान शिल्लक नाही म्हणून सुमारे २१ हजार कोटी, एटीएम जास्त वेळा वापरलं म्हणून सुमारे ८ हजार कोटी, मेसेज पाठवले म्हणून सुमारे ६ हजार कोटी. मेसेजचेही पैसे! किमान शिल्लक कुणाची कमी पडते? ज्याच्याकडे शिल्लकच नाही त्याची. ज्याच्या खात्यात पन्नास लाख आहेत त्याला हा दंड कधी दिसतही नाही. पैसा नाही म्हणून पैशाचा दंड. गावकुसाबाहेर ठेवायचं आणि बाहेर राहिला म्हणून मारायचं, हा खेळ आपल्याला नवा नाही.

१९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारच्या झाल्या, तेव्हा बँक गरिबाच्या दारात येईल असं सांगितलं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन आलं. बँक दारात आली खरी. आली आणि उंबऱ्यावर बसून दंड मागायला लागली. लाडकी बहीणचे पैसे बायांच्या खात्यातनं असे कापले गेले तेव्हा राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. माझी आई एकटी नव्हती. त्या रांगेत किती आया होत्या, आणि घरी जाऊन किती जणींनी विचारलं असेल, माझ्या हातनं काय चुकलं का रं?

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. मला तो जाळ आवडतो. पण आजचा रोखा कागदावर नाही, तो कुठल्या सर्व्हरमध्ये आहे ते मलाही माहीत नाही. पासबुक जाळलं तर आपलंच घर जळेल. आज जाळण्याआधी वाचावं लागेल. बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली, पण ती वाचून, एकेक श्लोकाचा हिशेब मांडून जाळली. आणि रुपयाचा प्रश्न त्यांनी आपल्या कुणाच्याही आधी हातात घेतला होता. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचं 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापून आलं. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी चलनावर साक्ष दिली. साहेबांच्या कमिशनपुढं बसून रुपयावर बोलणाऱ्या माणसाची आपण लेकरं, आणि बँकेच्या काउंटरसमोर आपल्या तोंडातनं शब्द फुटत नाही. हे मला सहन होत नाही.

त्यानंतर याच विहारात एका रविवारी आम्ही पासबुकं गोळा केली. एकतीस आली. अकरामध्ये दंड निघाला. सगळ्यांचे पैसे मिळाले असं मी खोटं सांगणार नाही. चौघांचे परत मिळाले. तिघांना नोटीस खरंच आली होती, खातंही उणे नव्हतं, तिथं नियम बँकेच्या बाजूचा. दोघांनी अर्ज करायला नकार दिला, साहेब रागावतील म्हणून. दोघांचं अजून चालू आहे.

म्हणून नियम पुरेसा नाही हेही ऐका. नियम सांगतो, शून्याच्या खाली जाऊ नका. म्हणजे शून्यापर्यंत ओरबाडायची परवानगी नियमानंच दिलेली आहे. अर्ज करून आपण चोरी पकडतो. पण गरिबीवर दंड लावायचा, ही रीतच मोडायला एकट्याचा अर्ज पुरणार नाही. ती मोडते हे आपण बघितलंय. मार्च २०२० मध्ये स्टेट बँकेनं बचत खात्याचा हा दंड बंद केला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा अशा आणखी सरकारी बँकांनी बंद केला. बोंब उठली, लोकसभेत-राज्यसभेत प्रश्न आले, म्हणून ते हलले. जिथं अजून दंड आहे तिथं बोंब आपण उठवायची.

तोपर्यंत एवढं करा. घरातलं प्रत्येक पासबुक उघडा, आईचं आधी. पगार थांबलेलं खातं असेल तर ते मूलभूत बचत खातं करून द्या असा लेखी अर्ज द्या. त्या खात्याला किमान शिल्लक लागत नाही, महिन्याला निदान चार वेळा पैसे काढता येतात, ते कुठल्याही बँकेनं द्यायलाच पाहिजे. खात्यावर मोबाईल नंबर कुणाचा आहे बघा. ठेकेदाराचा असेल तर आधी तो बदला. दोन वर्षं व्यवहार नसल्यानं बँकेनं निष्क्रिय ठरवलेल्या खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि तोंडी काही बोलू नका. लिहा. शिक्का घ्या.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी इथंच बसणार आहे. गोदीत पाळी लागली तर संध्याकाळी. माझी आईही येणार आहे. तिला लिहिता येत नाही, पण कुठल्या ओळीत १७७ आहे ते ती बोट ठेवून दाखवते. आता ती विचारते, "ह्यांनी हितं काय केलंय?"

पासबुकं घेऊन या.

जयभीम.